रेडिओवरचा कवी: मॅसेडोनियाचे मातेया मातेवस्की

जुनी शाई

बाल्कनमधल्या कवितेचा विषय निघाला की आपली गाडी ग्रीसच्या रित्सोसपाशी नाहीतर सर्बियाच्या पोपापाशी थांबते. या दोघांच्या मधोमध असलेल्या देशात कोणी उतरतच नाही. म्हणून हा धागा.

मातेया मातेवस्की. जन्म १९२९, मृत्यू जून २०१८. कवी, अनुवादक, नाट्यसमीक्षक. पण पगार यायचा रेडिओ-टेलिव्हिजनमधून: वार्ताहर, मग संपादक, पुढे स्कोप्ये रेडिओ-टेलिव्हिजनचे प्रमुख. उतारवयात मॅसेडोनियाच्या विज्ञान व कला अकादमीचे अध्यक्षही झाले.

जन्म इस्तंबूलचा, घर मॅसेडोनियन. पश्चिम मॅसेडोनियातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी परमुलखात जात आली. या परदेशच्या कमाईला तिकडे 'पेचालबा' म्हणतात, आणि त्यांच्या लोकगीतांतला बराचसा विरह तिथूनच आला आहे. मातेवस्कींचं शाळकरी वय गोस्तिवार-तेतोवो भागात गेलं, कॉलेज स्कोप्येला.

मला त्यांच्या कवितेइतकंच त्यांच्या नोकरीबद्दल बोलायचं आहे, कारण तिकडे या दोन गोष्टी सुट्या करता येत नाहीत. तारखाच बघा. २ ऑगस्ट १९४४ ला, युद्ध चालू असताना, प्रोहोर प्चिन्स्की मठात बंदुका घेतलेल्या प्रतिनिधींनी मॅसेडोनियन ही राज्यभाषा असल्याचं जाहीर केलं. २९ ऑक्टोबरला गोर्नो व्रानोव्त्सी नावाच्या खेड्यात 'नोवा मकेदोनिया' दैनिकाचा पहिला अंक निघाला. डिसेंबरच्या अखेरीस रेडिओ स्कोप्ये सुरू झाला. आणि वर्णमाला? ती मंजूर झाली मे १९४५ मध्ये, शुद्धलेखनाचे नियम त्याच्या पुढच्या महिन्यात. म्हणजे पेपर आधी निघाला, रेडिओ आधी बोलू लागला, आणि अक्षरं कोणती हे नंतर ठरलं!

तोवर या भाषेत शाळा नव्हती, कोर्ट नव्हतं. मॅसेडोनिया युगोस्लाव्हियात होता, आणि त्या राजवटीच्या लेखी ती सर्बियनची दक्षिणी बोली. आता त्याच बोलीत युद्धाची बातमी, धान्याचा भाव, मंत्र्याचं भाषण लिहायचं होतं. वेलेस, प्रिलेप, बितोला या मध्य भागातली बोली पाया म्हणून धरली. प्रिलेपजवळच्या गावचे ब्लाझे कोनेस्की यांनी तिचं व्याकरण लिहिलं, आणि तेही कवीच. अशा ठिकाणी बातमीदाराला रोज संध्याकाळी तेच करावं लागतं जे कवीला करावं लागतं: आजवर कागदावर न आलेलं वाक्य पहिल्यांदा कागदावर आणायचं.

मातेवस्की त्यानंतरच्या फळीतले. भाषा उभी राहिली होती, पण ती अजून घोषणा देण्यातच गुंतलेली. १९५६ चा त्यांचा पहिला संग्रह 'दोज्दोवी', म्हणजे पाऊस. त्यात ना ट्रॅक्टर, ना पुनर्निर्माण. त्यातली सर्वांत गाजलेली कविता घंटानादाची. धुक्यापलीकडे कुठेतरी घंटा वाजतायत, कोणासाठी ते कळत नाही. ओळी पुन्हापुन्हा स्वतःवर वळतात, आणि अर्थाच्या आधी नाद पोहोचतो. मायक्रोफोनसमोर बसणाऱ्या माणसाचा कान त्यात दिसतो असं माझं मत. पुढच्या संग्रहांत विषुवदिन, आयरिसचं फूल, लिंडनचं झाड असे विषय येतात. थोडक्यात, राजकारणाच्या देशातला निसर्गकवी. पण हा निसर्ग शांत नाही, सतत काहीतरी हलत असतं.

तिसरी गोष्ट स्त्रुगाची. ओह्रिद तळ्याकाठच्या या गावात १९६२ पासून दरवर्षी ऑगस्टमध्ये कविसंमेलन भरतं. ते उभं करणाऱ्यांत मातेवस्की होते, आणि तिथला 'सुवर्णहार' हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना २०११ मध्ये मिळाला. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू.

सदूभाऊ

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका: हा मॅसेडोनिया म्हणजे आपल्या सिकंदराचाच ना? मग ही मंडळी ग्रीक कशी नाहीत?

कोकणकडा

सदूभाऊ, नाव तेच, माणसं वेगळी. हे स्लाव्ह, सहाव्या-सातव्या शतकात त्या भागात आलेले. भाषा बल्गेरियन-सर्बियनच्या कुळातली. सिकंदराचा प्राचीन मॅसेडोन बहुतांशी आजच्या ग्रीसमध्ये येतो. या नावावरून ग्रीसने पंचवीसेक वर्षं अडवून धरलं. मधल्या सरकारने तर विमानतळाला सिकंदराचं नाव दिलं आणि स्कोप्येच्या मुख्य चौकात अवाढव्य घोडेस्वार उभा केला, वर त्याचं अधिकृत नाव 'घोड्यावरचा योद्धा', म्हणजे नामानिराळे! शेवटी जून २०१८ मध्ये प्रेस्पा करार झाला आणि २०१९ पासून देश 'उत्तर मॅसेडोनिया'. करार झाला त्याच महिन्यात, काही दिवस आधी मातेवस्की गेले.

मधुमालती

शाईभाऊ, धागा छानच. पण कवी-पत्रकार म्हटल्यावर पहिलं नाव रात्सिनचं यायला हवं होतं. ते आलं नाही म्हणून मीच लिहिते.

कोस्ता सोलेव, टोपणनाव कोचो रात्सिन. वेलेसचा, कुंभाराचा मुलगा. शाळा लवकर सुटली, वडिलांच्या चाकावर बसला, आणि उरलेलं शिक्षण स्वतःच घेतलं. तरुणपणीच कम्युनिस्ट झाला, १९२८ मध्ये ड्रेस्डेनच्या पक्ष-अधिवेशनाला गेला. पुढे पक्षाचं 'इस्क्रा' हे बेकायदा पत्र चालवल्याबद्दल तुरुंगात. टोपणनाव मात्र पक्षावरून नाही हं, राहिल्का नावाच्या मुलीवरून. तिला सगळे रात्सा म्हणत.

१९३९ मध्ये झाग्रेबजवळच्या सामोबोर गावात त्याचं 'बेली मुग्री' छापलं गेलं. पांढऱ्या पहाटा. बारा कविता, बस्स. ज्या भाषेला सरकार भाषाच मानत नव्हतं, तीत. वेष्टनात बांधून, हातोहात, पोलिसांना चुकवत ते पुस्तक मॅसेडोनियात पोहोचलं. त्यातली लेन्का मला विसरता येत नाही. मागावरचं लिननचं पातळ वस्त्र अर्धवट टाकून ती तंबाखूच्या कारखान्यात कामाला लागते; पिवळी पानं निवडता निवडता छाती पोखरते, आणि ती जाते. एवढीच गोष्ट. घडण पूर्ण लोकगीताची, आणि आत कारखान्याची धूळ. 'दिवस' नावाच्या कवितेत गळ्यात गार दगडांची माळ पडावी तसे खांद्यावर दिवस येऊन पडतात. सांगा, हे वार्तापत्र की कविता?

आणि मरण कुठे आलं? तर छापखान्यापाशी. जून १९४३, किचेवोजवळच्या डोंगरात लोपुश्निकला पार्टिझनांचा, म्हणजे फॅसिस्टांशी लढणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांचा, गुप्त छापखाना होता, तिथे पत्रकं काढण्याचं काम तो करायचा. एका रात्री परतताना स्वतःच्याच पहारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला. अधिकृत हकिगत अशी, की त्याला ऐकू कमी यायचं, हाक ऐकू आली नाही. पण त्याआधी पक्षाने त्याला काढून टाकलं होतं, त्यामुळे ही हकिगत सगळ्यांना कधीच पटली नाही.

जुनी शाई

मधुमालतीताई, रात्सिनवर स्वतंत्र लिहायचं म्हणून त्याला मागे ठेवला होता. तुम्ही लिहिलंत ते माझ्याच्याने इतकं नेमकं झालं नसतं.

तिरकस

सगळं वाचलं. माझा खडा असा. एकपक्षीय राजवटीत सरकारी रेडिओ-टीव्हीचा प्रमुख, अकादमीचा अध्यक्ष, संमेलनाचा कर्ताधर्ता, आणि शेवटी त्याच संमेलनाचा सुवर्णहार गळ्यात! आपल्याकडे असा माणूस असता तर इथेच त्याच्यावर दोनशे प्रतिसादांची धुलाई झाली असती. पाऊस आणि घंटांवर लिहिणं हे धैर्य की सोय? त्याच स्त्रुगाजवळच्या प्रिसोव्यानी गावचा योवान कोतेस्की नावाचा कवी होता. पोलिसांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं पाळत ठेवली, १९८५ मध्ये अटक करून तुरुंगात टाकलं. गुन्हा राज्याविरुद्धचा. त्याच्या फायलीला पोलिसांनी दिलेलं नाव 'बुद्धिजीवी'. त्याच्यावर धागा कोण काढणार?

जुनी शाई

तिरकसराव, कोतेस्कीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि दोघांना शेजारी ठेवूनच वाचायला हवं. पण 'सोय' या शब्दाशी मी सहमत नाही. १९५० च्या दशकाची सुरुवात आठवा. तेव्हा खाजगी भावनेची कविता लिहिणंच वादाचं होतं. १९५२ मध्ये आत्सो शोपोव या माजी पार्टिझन कवीने दुःख आणि आनंदावरचा संग्रह काढला, तर समीक्षकांनी केवढं काहूर माजवलं. वास्तववाद्यांचं मासिक 'सोव्रेमेनोस्त', नव्यांचं 'राझग्लेदी', आणि दोन्हीकडून तोफा. १९४८ मध्ये टिटो-स्टालिन फाटल्यामुळे युगोस्लाव्हियात थोडी हवा खेळती झाली होती, म्हणून कोणी गुलागात गेलं नाही, एवढंच. त्या काळात पावसावर लिहिणं ही बाजू घेणंच होतं. पुढे १९७०-८० मध्ये तेच लिहिणं प्रतिष्ठेचं झालं हे खरं, आणि तिथे तुमची टीका लागू होते.

त्यांच्या अनुवादांकडेही बघा. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन कविता त्यांनी मॅसेडोनियनमध्ये आणली. नाट्यशिक्षण देणाऱ्या विद्याशाखेत जागतिक नाटकाचा इतिहास शिकवला. वीस लाख लोकांच्या भाषेत कुणीतरी हे करावं लागतं.

तिरकस

मासिकांच्या तोफांपर्यंत ठीक. पण ज्याने बातमी थांबवायची की सोडायची हे ठरवलं, त्याच्या कवितेत त्या खुर्चीचा एक शब्द नाही, हे मला खटकतंच. राहू दे, मतभेद नोंदवून ठेवतो.

व्हिएन्नावासी

स्त्रुगाला मी गेले आहे, तेव्हा तिथलं थोडं. ओह्रिद तळ्यातून काळा द्रिम नदी बाहेर पडते ती याच गावात, थेट बाजारपेठेतून. पाणी इतकं नितळ की तळातला पाला मोजावा. नदीवर जो पूल आहे त्याला कवितेचा पूल म्हणतात; समारोपाच्या रात्री कवी पुलावर उभे राहून वाचतात आणि दोन्ही काठांवर गाव जमतं. कवी आपल्या भाषेत वाचतो, मग नट तीच कविता मॅसेडोनियनमध्ये म्हणतो. पोरं पुलावरून पाण्यात उड्या मारत असतात, आइसक्रीमवाल्याचा धंदा जोरात, कवितेचं कोणाला फारसं दडपण नाही. पुरस्कार मिळालेला कवी गावातल्या बागेत एक झाड लावतो, त्यामुळे एका बागेत नेरुदाचं झाड, ऑडेनचं झाड अशी वस्ती झाली आहे.

उद्घाटन दरवर्षी एकाच कवितेने होतं: कॉन्स्तान्तिन मिलादिनोवची 'दक्षिणेची ओढ'. मॉस्कोच्या थंडीत शिकणारा हा स्त्रुगाचा मुलगा गरुडाचे पंख मागतो, घरी उडून यायला. हॉलमधल्या म्हाताऱ्या बायकाही ओठांनी सोबत म्हणतात. अवांतर: त्याच नावाची एक रेड वाइन तिकडे मिळते, आणि वाईट नाही.

रातकिडा

पुरस्काराची यादी पाहून थक्क झालो. १९७१ ऑडेन, १९७२ नेरुदा, १९७३ मोन्ताले, १९७५ सेंगोर, १९८६ गिन्सबर्ग, १९९४ टेड ह्यूज, २००१ हीनी, २००३ ट्रान्सट्रोमर, २००७ दरवेश. मोन्ताले आणि ट्रान्सट्रोमर यांना नोबेल नंतर मिळालं, स्त्रुगाने आधी ओळखलं. आणि १९८३ चा सुवर्णहार आपल्या अज्ञेयांना! हिंदी कवी, 'दिनमान' साप्ताहिकाचे संपादक, म्हणजे धाग्याच्या विषयात चपखल. मोन्ताले तरी कोण, मिलानच्या 'कोरिएरे देला सेरा'चा नोकरदार पत्रकार.

भारतीय वर्तमानपत्रांनी अज्ञेयांच्या या पुरस्काराची कितपत दखल घेतली असेल, याची मला उत्सुकता आहे.

कोकणकडा

सेंगोरवरून आठवलं. वर शाईभाऊंनी ज्या शोपोवचा उल्लेख केला, तो १९७१ ते ७५ सेनेगलमध्ये युगोस्लाव्हियाचा राजदूत होता, म्हणजे राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांच्याच दरबारी. दोघेही कवी. शोपोवने सेंगोरच्या कवितांचा अनुवाद केला, १९७५ मध्ये सेंगोरला सुवर्णहार मिळाला, आणि पुढच्या वर्षी शोपोवचा आफ्रिकेवरचा संग्रह निघाला. अलिप्ततावादी चळवळीबद्दल आपण नेहरू-टिटो-नासेर एवढंच शिकतो. तिची ही कवितेची वाट फारशी कुणी सांगत नाही.

भटकंती

एक दुरुस्ती सुचवतो. मिलादिनोव बंधूंना (वरचा कॉन्स्तान्तिन आणि त्याचा भाऊ दिमितर) सरळ मॅसेडोनियन म्हणणं वादग्रस्त आहे. १८६१ मध्ये झाग्रेबला छापलेल्या त्यांच्या लोकगीतसंग्रहाच्या मुखपृष्ठावर स्पष्ट 'बल्गेरियन लोकगीतं' असं आहे. बल्गेरिया म्हणतो ते आमचे, आणि मॅसेडोनियन भाषा ही आमची बोली.

जुनी शाई

मुखपृष्ठाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. आतली सहाशेहून जास्त गाणी बहुतेक मॅसेडोनियातलीच, हेही बरोबर. एकोणिसाव्या शतकात ऑटोमन राज्यातला शिकलेला स्लाव्ह ग्रीक धर्मसत्तेविरुद्ध उभा राहायचा तेव्हा 'बल्गेरियन' हा शब्द सर्रास वापरायचा. पुढे तिथल्या लोकांनी स्वतःला काय म्हणायचं ते स्वतः ठरवलं. दोन्ही भाऊ १८६२ च्या जानेवारीत इस्तंबूलच्या कैदेत मेले. त्यांना विचारायची सोय नाही. पण हा वाद ग्रंथालयापुरता नाही: २०२० मध्ये बल्गेरियाने याच इतिहास-भाषेच्या मुद्द्यावर मॅसेडोनियाच्या युरोपीय संघाशी वाटाघाटी अडवल्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ सीमेवर ट्रक अडवू शकतं, असा हा मुलूख.

भटकंती

पण मग कोनेस्कींनी १९४५ मध्ये भाषा 'बनवली' असा आरोप होतो, त्याचं काय?

सदूभाऊ

धाग्याचा बाल्कन होऊ देऊ नका रे बाबांनो. वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

मधुमालती

सध्याच्या पत्रकारांचं काय? तिथे अजूनही कवी बातम्या लिहितात का?

व्हिएन्नावासी

लिहितात, पण बातमी लिहिणंच अवघड झालं होतं मध्यंतरी. २०११ मध्ये ए-वन ही सरकारला नकोशी झालेली वाहिनी करचुकवेगिरीच्या खटल्यांनंतर बंद पडली. २०१३ मध्ये 'नोवा मकेदोनिया'चा शोधपत्रकार तोमिस्लाव केझारोव्स्की याला एका खून प्रकरणातल्या साक्षीदाराची ओळख उघड केल्याच्या आरोपावरून साडेचार वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती दोन वर्षांवर आली, तोवर तो आत आणि नजरकैदेत बराच काळ काढून बसला होता. म्हणजे १९४४ मध्ये खेड्यातून निघालेलं तेच वर्तमानपत्र, आणि त्याचाच माणूस तुरुंगात. २०१५ मध्ये विरोधी पक्षाने फोन-टॅपिंगच्या ध्वनिफिती जाहीर केल्या; वीस हजारांवर लोकांचे फोन ऐकले जात होते असा त्यांचा आरोप, त्यात पत्रकारही. पुढच्या वर्षी लोकांनी रस्त्यावर उतरून त्या नव्या पुतळ्यांवर आणि सरकारी इमारतींवर रंगाचे फुगे फेकले. रंगीत क्रांती म्हणतात तिला. मी गेले तेव्हा काही भिंतींवर डाग अजून होते.

तिरकस

केझारोव्स्कीबद्दल लिहिलंत, आभार. माझा मूळ प्रश्न याच दिशेचा होता.

रातकिडा

नव्यांपैकी कोणाला वाचावं?

जुनी शाई

इंग्रजीत सहज मिळणारे दोघे. निकोला माजिरोव, १९७३ चा, स्त्रुमित्साचा. घराणं बाल्कन युद्धांतल्या निर्वासितांचं, कवितेत घर सोडणं आणि घर नसणं सतत येतं. आणि लिदिया दिम्कोव्स्का, १९७१ ची, राहते ल्युब्लियानाला. तिची कविता बडबडी, टोचणारी, विनोदी. तिरकसरावांना ती आवडेल. जुन्यांपैकी व्लादा उरोशेविच, कोनेस्की आणि मातेवस्कींनंतर सुवर्णहार मिळवणारा तिसरा मॅसेडोनियन, २०२३ मध्ये.

मधुमालती

मातेवस्कींची ती घंटानादाची कविता मराठीत आणा ना इथे. इंग्रजीवरून का होईना.

जुनी शाई

इच्छा खूप आहे ताई, पण ते २०१८ मध्ये गेले, हक्क वारसांकडे असणार. संपूर्ण कविता परवानगीशिवाय इथे टाकणं बरोबर नाही. रात्सिनचं तसं नाही, १९४३ ला जाऊन साठ वर्षं केव्हाच उलटली. त्याची 'दिवस' मूळ मजकूर समोर ठेवून करून बघतो. छंद लोकगीताचा आहे, तेव्हा ओवीत बसते का ते पाहायला हवं.

मधुमालती

ओवीत नको, लेन्का आणि दिवस दोन्हीला जात्यावरची लय सुचते खरी, पण मूळच्या ओळी फार तोकड्या आहेत. ओवी त्यांना सैल करील. अभंगाचा लहान प्रकार घेऊन बघा.

सदूभाऊ

दोन्ही करा. मी मत द्यायला बसलोच आहे.